पोर्ट्रेटवालीची पेटी : पोशाड बॉक्स आठ महिने वापरून झाल्यावर

पेटी चांगली आहे, बिजागरी वाईट आहे. एवढंच हवं असेल तर इथे थांबायला हरकत नाही. पुढे मी पाल्हाळ लावणार आहे, कारण ही पेटी कशासाठी घेतली ते सांगितल्याशिवाय ती कुणाच्या कामाची आणि कुणाच्या माळ्यावर जाऊन पडणार हे सांगता येत नाही.

गेली बावीस वर्षं मी पोर्ट्रेट करते. ऑर्डरची. समोर खुर्चीत माणूस, डावीकडे उत्तरेची खिडकी, इझलवर कॅनव्हास, आणि शेवटच्या दिवशी घरातलं कुणीतरी मागे हात बांधून चित्रापुढे उभं राहतं आणि म्हणतं, "सगळं अगदी हुबेहूब. फक्त ओठ जरा..." गेल्या वर्षी एकाच चित्रावर हे 'ओठ जरा' सहा वेळा झालं. सातव्या वेळी मी ओठ मुळात होते तसे करून ठेवले. सगळे खूश. त्या रात्री ब्रश धुताना ठरवलं, आता अधूनमधून ज्याला नातेवाईक नाहीत असंच काहीतरी रंगवायचं. झाड. ढग. किटली.

असा वैताग आलेली मी काही पहिली नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गेन्सबरो बड्या लोकांची पोर्ट्रेट करून पोट भरायचा आणि मित्राला पत्रात कळवायचा की पोर्ट्रेटचा आता वीट आलाय, वाद्य उचलावं, कुठल्याशा छानशा खेड्यात जावं आणि निसर्गचित्रं रंगवत बसावं. अमेरिकन पोर्ट्रेटवाला जॉन सिंगर सार्जंट, त्यानं तर १९०७ च्या सुमाराला ऑर्डरची तैलरंगातली पोर्ट्रेट घेणं जवळजवळ बंदच केलं आणि जलरंग घेऊन डोंगर-कालवे पालथे घातले. मी सार्जंट नाही. त्यामुळे ऑर्डरी चालू ठेवल्या आणि रविवारपुरती ही पेटी घेतली.

पोशाड बॉक्स म्हणजे बाहेर जाऊन तैलरंगात छोटी चित्रं करायची बिजागरीची लाकडी पेटी. पोशाड हा फ्रेंच शब्द, झरझर उतरवलेल्या रंगीत टिपणासाठीचा. पेटी उघडली की झाकणाचं इझल होतं, खालच्या अर्ध्याचं पॅलेट, आणि पॅलेट सरकवलं की खाली ट्यूबांचा कप्पा. तळाला पितळी आट्यांचं भोक आहे, त्यात कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा पाव इंची स्क्रू बसतो. म्हणजे पाय वेगळे घ्यायला नकोत, कुणाचा तरी ट्रायपॉड घरात पडलेला असतोच. मी घेतलेल्या मापात सहा बाय आठ, आठ बाय दहा आणि ओढूनताणून नऊ बाय बारा इंचांचं पॅनेल, म्हणजे रंगवायची फळी, बसतं. रिकामी पेटी पावणेदोन किलोची. रंग, तेल, टर्पेंटाइन, चिंध्या, पॅनेलं, ट्रायपॉड, प्यायचं पाणी असं सगळं धरलं की खांद्यावर सहा किलो येतात. स्टुडिओतलं जुनं पायांचं फ्रेंच इझल मी एकदाच बाहेर नेलं होतं, त्या मानानं हे फूल आहे.

सुतारकाम स्वच्छ आहे. कोपरे एकमेकांत खाचा अडकवून जोडलेत, कुठे खिळा नाही, झाकण बंद करताना होणारा 'टप्प' असा आवाज ऐकून बरं वाटतं. मात्र आतलं लाकूड बऱ्यापैकी कोरडं ठेवलंय. पहिला रंग टाकण्याआधी जवसाच्या तेलाचे दोन हात द्या, मध्ये तीन-चार दिवस सुकू द्या. मी घाई केली आणि लाकडानं रंगातलं तेल पिऊन टाकलं. पाऊण तासात पांढरा खडूसारखा झाला होता.

ट्यूबांच्या कप्प्यात दहा-बारा मध्यम ट्यूबा आडव्या मावतात. तो उघडला की मला जॉन गॉफ रँड आठवतो. हा अमेरिकन गृहस्थ पोर्ट्रेटवालाच. दाबून रंग काढायची धातूची ट्यूब त्यानं शोधली आणि १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी तेलात घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयात भरून तोंड दोऱ्यानं बांधत. टोचून भोक पाडायचं, हवा तेवढा रंग काढायचा, आणि मग ते भोक बुजवायची मारामार. असली पुरचुंडी घेऊन रानात कोण जाणार? ट्यूब आली आणि लँडस्केपवाले मोकळे सुटले. माझा एक वर्गमित्र आयुष्यभर लँडस्केपच करत आलाय आणि आम्हा पोर्ट्रेटवाल्यांना 'खोलीतले' म्हणतो. तुमच्या मोकळ्या हवेची सोय एका खोलीतल्यानं केली, हे मी त्याला दर भेटीत ऐकवते.

पहिल्या रविवारी आम्ही दोघं एका ओढ्याकाठी गेलो. पहिली चूक उभं राहण्याची. मी पेटी लावली ती थेट उन्हात. पॅनेलवर ऊन असलं की त्यावरचा प्रत्येक रंग झगझगीत दिसतो, त्यामुळे हात नकळत गडद मिसळत जातो. घरी आणून भिंतीला लावलं तर भर दुपारचा ओढा दिवेलागणीचा दिसत होता. दुसऱ्या रविवारी शहाणपणा करून छत्री नेली. माझी नेहमीची पावसाळी छत्री, मरून रंगाची. तिच्या लालसर सावलीत माझा हिरवा काही केल्या हिरवा दिसेना. मी हिरवा वाढवत गेले, वाढवत गेले. घरी खिडकीशी धरलं तेव्हा कळलं, आपण गवत नाही, बिलियर्डचं टेबल रंगवलंय. छत्री पांढरी किंवा राखाडीच हवी. पेटीबरोबर छत्री अडकवायची पट्टी येते, आणि ती छत्री कुठल्या रंगाची असावी हे माहितीपत्रकात एका ओळीत छापायला कुणाचं काही गेलं नसतं. वारा असेल तर मात्र छत्रीच काढून ठेवा, नाहीतर पेटीचं शीड होतं. ट्रायपॉडच्या मधल्या दांडीला दगड भरलेली पिशवी टांगायची. दगड बाहेर फुकट मिळतात, रिकामी पिशवी तेवढी न्यायची.

उन्हाचं दुसरंही एक दुखणं आहे. माझ्याकडे बसणारा माणूस वीस-पंचवीस मिनिटं बसतो, पाय मोकळे करतो आणि परत येऊन त्याच जागी बसतो. खुर्चीच्या पायांभोवती मी खडूच्या खुणा करून ठेवते. ऊन पाय मोकळे करून परत येत नाही. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. दोन तासांनी मान वर केली तर मी जिथे सावली रंगवली तिथे लख्ख उजेड, आणि जिथे उजेड सोडला तिथे सावली. सार्जंटनं १८८५ मध्ये एका बागेत कागदी कंदील लावणाऱ्या दोन मुली रंगवायला घेतल्या. त्याला हवा होता तो संधिप्रकाश रोज जेमतेम काही मिनिटं मिळायचा. तेवढा वेळ रंगवायचं आणि बंद. उन्हाळा सरला, बागेतली फुलं गेली, तेव्हा त्यानं खोटी फुलं लावली. चित्र पुरं झालं १८८६ मध्ये. पोर्ट्रेटवाला बाहेर पडला तरी कसा वागतो पाहा. उजेडालाही त्यानं मॉडेलसारखं रोज ठरल्या वेळी बोलावून बसवलं. माझाही तोच इरादा होता. सलग तीन रविवार एकाच ओढ्याच्या एकाच पॅनेलवर काम केलं आणि तिसऱ्या रविवारी वर्गमित्रानं ते पॅनेल माझ्या हातातून काढून घेतलं. "इतकंसं चित्र आहे. त्याला तीन सिटिंग कसली देतेस? नवं घे." या पेटीचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. पॅनेल इतकं छोटं असतं की दीड तासात एकतर ते होतं किंवा बिघडतं, आणि दोन्हीत गाशा गुंडाळायची वेळ होतेच.

त्याच दिवशी तो आणखीही एक बोलला. पॅनेल लांब धरून, डोळे किलकिले करून म्हणाला, "तू झाडाचं पोर्ट्रेट केलंयस. नाक शोधलंस त्याला." मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. बुंध्यावर एक गाठ होती. ती मी डोळ्यासारखी रंगवली होती. वरची पापणी जड, खालची हलकी, आणि ओल्या चमकेचा पांढरा ठिपका, घड्याळात दहा वाजतात त्या जागी.

चेहऱ्याखेरीज जे काही असेल त्याला आम्ही बॅकग्राउंड म्हणतो आणि मोठ्या ब्रशनं ओढून टाकतो. निसर्गात सगळंच बॅकग्राउंड. माझ्या पहिल्या दहा-बारा पॅनेलांत मध्ये एक गोष्ट जीव ओतून केलेली, आणि भोवती पोतेरं. बावीस वर्षांत हातात आलं त्यातलं कसब किती आणि नुसती सवय किती, याचा हिशेब या पेटीनं फारच रोखठोक मांडला. सवयीचा आकडा मला वाटला होता त्याहून बराच मोठा निघाला.

पण काही कसबही निघालं. चेहरा रंगवताना कपाळ वर उजेडाकडे वळलेलं म्हणून उजळ, गाल बाजूला वळतो तसा दबतो, हनुवटीखालचा भाग जमिनीकडे पाहतो म्हणून सर्वांत गडद. हे मी झोपेतही करेन. बाहेरही हेच चालतं. आकाशातून उजेड येतो, म्हणून आकाशाकडे तोंड करून पडलेली आडवी जमीन उजळ, डोंगराचा उतार त्याहून एक पट्टी खाली, उभी झाडं आणखी खाली. जमीन म्हणजे कपाळ, उतार म्हणजे गाल. हे जमल्यावर माझी झाडं जमिनीत उभी राहायला लागली, तोवर ती कात्रणासारखी चिकटवलेली दिसायची.

रंगांचं तर गमतीशीर झालं. पोर्ट्रेटसाठी माझे चारच रंग ठरलेले: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियनचा लाल आणि आयव्हरी ब्लॅक. ही जोडणी स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न याच्या नावानं ओळखतात. यात निळा नाही. काळ्यात पांढरा मिसळून तांबूस त्वचेशेजारी ठेवला की तोच निळा भासतो, आणि खोलीत तेवढं पुरतं. खऱ्या आभाळाखाली तो राखेसारखा दिसला. मग निळा अल्ट्रामरीन आला, पिवळा कॅडमियम लेमन आला, तांबूस बर्न्ट सिएना आला. पोर्ट्रेटमध्ये हिरवा मी चोरून वापरते. गालाची लाली फार वर आली तर ती मारायला व्हिरिडियनचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. बाहेर सगळा हिरवाच, आणि ट्यूबमधून काढून तसाच लावला तर तो किंचाळतो. त्याला शांत करायला लाल लागतो. अल्ट्रामरीन, पिवळा आणि त्यात बर्न्ट सिएना, किंवा नुसता काळा आणि लेमन. काळ्या-पिवळ्याचा हिरवा इतका सुरेख निघतो की मी त्या दिवशी चित्र सोडून पॅलेटवरच खेळत बसले. म्हणजे मिश्रण तेच, माप उलटं. हे उमगायला मला पाच रविवार लागले.

आता पेटीतलं पॅलेट. स्टुडिओत माझं पॅलेट हातभर लांब आहे. त्यावर त्वचेच्या उजेडाची, मधली आणि सावलीची अशी मिश्रणं आधीच रांगेनं मांडते. इथे जागा जेमतेम आठ बाय दहा इंच. कडेला ट्यूबमधले रंग काढले की मध्ये पाच-सहा ढीग मावतात, सातव्याला पहिल्याच्या डोक्यावर बसावं लागतं. सुरुवातीला मी यावर फार चिडले. पुढे लक्षात आलं की पाच ढिगांत आठ बाय दहाचं चित्र होतं. त्याहून जास्त मिश्रणं करायला लागले की मी तपशिलात शिरले असं समजावं. जागेची तक्रार मी म्हणूनच मागे घेतली. पॅलेटच्या रंगाची तक्रार मात्र ठेवते. पेटी देखणी दिसावी म्हणून लाकडाला नारिंगीकडे झुकणारा तपकिरी हात दिलाय. त्वचेला तो चालतो, पण नारिंगीवर ठेवलेला प्रत्येक हिरवा आहे त्याहून जास्त हिरवा-निळा वाटतो आणि पॅनेलवर गेला की तिथे दुसराच दिसतो. इलाज सोपा आहे. फोटोफ्रेमची दोन मिलिमीटरची काच पॅलेटच्या मापाची कापून आणा, कडा घासून घ्या, मागच्या बाजूनं मध्यम राखाडी रंग द्या आणि पॅलेटवर ठेवा. मिश्रणं खरी दिसतात, आणि संध्याकाळी पत्तीनं खरवडली की काच लख्ख. वजन वाढतं, पण मला ते परवडलं.

आणि आता बिजागरी.

झाकण हव्या त्या कोनात थांबावं म्हणून दोन्ही बाजूंना घट्ट घर्षणाच्या बिजागऱ्या दिल्यात, उजवीकडच्या बिजागरीला घट्ट करायचा स्क्रू आहे. पहिले दोन महिने काम ठीक चाललं. तिसऱ्या महिन्यापासून झाकण पेंगायला लागलं. पेंगणाऱ्या माणसाची मान जाते तसं, आधी केसभर, मग आणखी, आणि आपल्या लक्षात येईपर्यंत चित्र आभाळाकडे बघत असतं. ओल्या रंगावर आभाळाची चकाकी येते आणि काहीच दिसत नाही. सहा बाय आठच्या पॅनेलला हे होत नाही. आठ बाय दहाला वारा असेल तर होतं, नऊ बाय बाराला हमखास होतं. त्यात माझा हात जड. पोर्ट्रेटमध्ये मी करंगळी कॅनव्हासच्या कडेला टेकवून डोळ्याची कड ओढते. इथे करंगळी टेकवली की झाकण मागे.

बनवणाऱ्यांना लिहिलं. आधी व्हिडिओ मागितला. मी ट्रायपॉडवर पेटी, पेटीवर पॅनेल आणि शेजारी घड्याळ ठेवून सव्वाचार मिनिटांचा पेंगण्याचा व्हिडिओ केला. तो पाहून उत्तर आलं की हे नेहमीच्या वापरातलंच आहे, स्क्रू अधूनमधून घट्ट करावा. स्क्रू घट्ट करायला लागतं नाणं किंवा स्क्रूड्रायव्हर, बोटांनी फिरत नाही. जिथे चाकाची चकती द्यायची तिथे खाच दिलीय, हा पेटीतला एकमेव आळशीपणा आहे आणि तो नेमक्या सर्वांत वाईट जागी आहे. मी शेवटी दोन्ही बाजूंना नायलॉनचा एकेक वॉशर घातला. तेव्हापासून आठ बाय दहा टिकतं. नऊ बाय बाराचा नाद सोडला.

पॅनेल धरून ठेवणारी वरची चीप पॅनेलच्या कडेचे सहा मिलिमीटर झाकते. चित्र संपवून पॅनेल काढलं की वर कोऱ्या पट्टीचं आभाळ. सुरुवातीला मी घरी येऊन ते भरायची. आता फ्रेममध्ये तेवढी कड जातेच, म्हणून सोडून देते.

पावसाळ्याचे चार महिने पेटी स्टुडिओतच राहिली आणि माझी स्टिल लाइफ, म्हणजे वस्तू मांडून केलेली चित्रं, सुरू झाली. नुसती स्टिल लाइफ करायची असेल तर ही पेटी घेऊ नका, टेबलावरचं साधं इझल पुरे. पण आणलीच असेल तर एक गंमत आहे. पेटी टेबलावर ठेवली, पुढ्यात पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं, त्याची एक बाजू आणि समोरची बाजू कापून टाकली, आत वस्तू आणि कापलेल्या बाजूनं एकच दिवा, की पॅनेल आणि वस्तू शेजारी शेजारी, एकाच उंचीवर येतात. मान न वळवता नजर इकडून तिकडे जाते. पोर्ट्रेटमध्ये आम्ही कॅनव्हास माणसाच्या शेजारी लावून लांबून दोन्ही एकदम पाहतो, त्याचीच ही बुटकी आवृत्ती.

पहिली वस्तू ॲल्युमिनियमची किटली. बाजूला लिंबू, मागे निळा कपडा. वाटलं, हिला ओठ नाहीत. अर्ध्या तासात किटली उभी राहिली, कपडा झाला, लिंबू झालं. मग किटलीच्या पोटावरच्या प्रतिबिंबाकडे वळले. तिथे वाकलेली खिडकी, दिव्याचा पिवळा थेंब, आणि मधोमध नखाएवढी मी. फुगलेलं नाक, बारीक कपाळ, हातात ब्रश. पुढचे दोन तास मी त्या नखाएवढ्या जागेत होते. ट्रिपल झीरोचा अगदी बारीक ब्रश काढला होता, नाकाखालची सावली दोनदा पुसली होती. लिंबाला देठ द्यायचा राहिला तो राहिलाच.

फ्रेंच चित्रकार सेझान उलट बाजूनं आला होता. १८९९ मध्ये चित्रविक्रेता व्होलार त्याच्याकडे पोर्ट्रेटसाठी बसला, आणि व्होलारनंच लिहून ठेवलंय की ११५ बैठकी झाल्या तरी चित्र संपलं नाही. सेझानची सक्त अपेक्षा होती की समोरच्यानं सफरचंदासारखं बसावं. तो माणसात सफरचंद शोधत होता, मी किटलीत माणूस. आमच्यात कुणाचं खरं ते उघड आहे, पण किटली मी अजून पुसलेली नाही.

एका पावसाळी रविवारी गेन्सबरोची युक्ती करून पाहिली. तो गेल्यावर १७८८ मध्येच त्याच्या काळातला दुसरा पोर्ट्रेटवाला रेनल्ड्स यानं व्याख्यानात सांगितलं होतं की हा माणूस टेबलावर दगडाचे तुकडे, वाळलेल्या वनस्पती आणि आरशाचे तुकडे मांडायचा आणि त्यांतून खडक, झाडं, पाणी वाढवायचा. म्हणजे आधी स्टिल लाइफ मांडायची आणि मग तिचं लँडस्केप करायचं. मी बागेतले तीन दगड, कुंडीतलं शेवाळ, वाळक्या काटक्या आणि फुटक्या आरशाचा तुकडा त्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात मांडला. दिवा खाली आणून तिरपा केला. पेटी समोर. ऊन सरकत नव्हतं, वारा नव्हता, बिजागरी जागी होती. दीड तासात झालं, आणि बाहेर केलेल्या बऱ्याच पॅनेलांपेक्षा बरं झालं. पुढच्या रविवारी वर्गमित्र आला, सुकायला लावलेली पॅनेलं पाहता पाहता त्यापाशी थांबला. "हे बरंय. कुठलं तळं?" मी म्हटलं, लांब आहे, गाडी जात नाही.

ओली पॅनेलं नेण्यासाठी झाकणाच्या मागे दोन खाचा आहेत. दोन पॅनेलं पाठीला पाठ न लावता, दोघांची तोंडं एकाच दिशेला करून ठेवायची असं सांगितलंय. मधलं अंतर जेमतेम तीन मिलिमीटर. पातळ रंगाला ठीक, पण मी एकदा ब्रशऐवजी रंगाच्या पत्तीनं ढग लावला होता, चांगला जाड. घरी आल्यावर ढग पुढच्या पॅनेलच्या पाठीवर होता आणि चित्रात त्याच्या जागी लाकूड. जाड रंगवणाऱ्यांनी दुसऱ्या खाचेत पॅनेल ठेवूच नये.

टर्पेंटाइनची वाटी पेटीसोबत येते ती फेकून द्या. तिचं झाकण नुसतं बसवायचं आहे, कडी नाही. कड्या असलेली, रबरी कडेची वाटी वेगळी घ्या. माझ्या पिशवीचा तळ अजून वास मारतो.

डावखुऱ्यांनी एक पाहून घ्यावं: ब्रश ठेवायची खाचांची पट्टी फक्त उजवीकडे लागते. ॲक्रिलिकवाल्यांना ही पेटी मी सुचवणार नाही, उघड्या पॅलेटवर वाऱ्यात रंग दहा मिनिटांत कातडं धरतो. जलरंगवाल्यांना तर ती लागतच नाही. ज्यांना बाहेर जाऊनही मोठंच करायचंय, त्यांनी पायांचं इझल घ्यावं आणि पाठ मजबूत ठेवावी. माझ्यासारखे जे आयुष्यभर एकाच खिडकीखाली, एकाच अंतरावरून, एकाच मापाचं डोकं रंगवत आलेत, त्यांनी मात्र घ्यावी. आठ महिन्यांत माझी त्रेचाळीस पॅनेलं झाली. त्यातली सहा भिंतीवर आहेत, बाकीच्यांवर पांढरा मारून पुन्हा वापरतेय.

पाचपैकी साडेतीन. बिजागरीला चकती दिली असती तर साडेचार दिले असते, उरलेला अर्धा टर्पेंटाइनच्या वाटीचा.

परवा एक बाई पोर्ट्रेटसाठी बसल्या होत्या. विश्रांतीत उठून भिंतीवरच्या किटलीपाशी गेल्या, चष्मा वर करून अगदी जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यात तुम्ही आहात ना? छान आलाय. नाक जरा मोठं झालंय."